डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची छोटी अक्षरं कशी वाचावीत

चिठ्ठी हातात आली की औषधाच्या नावानंतर काय लिहिलंय ते आधी पाहा. गोळी कधी आणि किती वेळा घ्यायची, हे तिथली दोन-तीन अक्षरं सांगतात. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, क्यूआयडी चारदा. एसी म्हणजे जेवणाआधी, पीसी जेवणानंतर, एचएस झोपताना. एसओएस दिसलं तर घाबरू नका, त्याचा अर्थ ‘गरज पडली तरच’. तापाच्या गोळीपुढे ते असेल आणि ताप उतरला असेल, तर गोळी घ्यायची नाही. १-०-१ असं लिहिलं असेल तर सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. डोळ्यांच्या डॉक्टरांच्या कागदावर मात्र ओडी म्हणजे उजवा डोळा आणि ओएस म्हणजे डावा.

मग औषधाच्या नावाला चिकटलेली अक्षरं वाचा. घरोघरी इथेच दुर्लक्ष होतं. एसआर, ईआर किंवा एक्सआर लिहिलेली गोळी औषध हळूहळू सोडण्यासाठी बनवलेली असते. आजी-आजोबांना गिळता येत नाही म्हणून ती कुटून दिली, तर कित्येक तासांचं औषध एकदम अंगात जातं. अशी गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोडू नका, कुटू तर नकाच. गिळण्याची अडचण त्यांना सांगा, बहुतेक वेळा दुसरा प्रकार मिळतो. डीटी गोळी पाण्यात विरघळवून देतात, एमडी जिभेवर ठेवली की विरघळते.

आता आजाराचं नाव. त्याचा शेवट पाहा. ‘आयटिस’ म्हणजे त्या भागाचा दाह: गॅस्ट्रायटिस जठराचा, आर्थ्रायटिस सांध्यांचा. ‘एक्टमी’ म्हणजे तो भाग काढून टाकणं, ‘स्कोपी’ म्हणजे नळीतून आत पाहणं. ‘ईमिया’ आलं की गोष्ट रक्ताची.

सुरुवातीला ‘हायपो’ आणि ‘हायपर’ यांत गल्लत करू नका. हायपो म्हणजे कमी, हायपर म्हणजे जास्त. हायपोग्लायसेमियात साखर उतरते, दर डेसिलिटर रक्तात ७० मिलिग्रॅमच्या खाली जाते, अशा वेळी शुद्धीवर असलेल्या माणसाला लगेच साखर द्यावी लागते. हायपरमध्ये साखर आधीच चढलेली असते. फोनवर नातेवाइकांना सांगताना हे शब्द वापरण्यापेक्षा ‘साखर कमी झालीय’ असं सरळ मराठीत सांगा, आकडाही सांगा.

थायरॉइडच्या रिपोर्टवर अनेकजण अडखळतात. टीएसएच वाढलेलं, तरी निदान हायपोथायरॉइड, हे कसं? टीएसएच थायरॉइडमध्ये तयार होत नाही. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी थायरॉइडला कामाला लावण्यासाठी ते सोडते. थायरॉइड मंदावली की पिट्युटरी जास्त टीएसएच सोडते. म्हणजे आकडा वर, काम खाली.

शेवटी केमिस्टच्या काउंटरवरच प्रत्येक औषधाची वेळ मोठ्यानं वाचून खात्री करून घ्या आणि पाकिटावर मराठीत लिहून घ्या. अक्षर लागत नसेल तर अंदाज नको, डॉक्टरांना परत विचारा. औषधाचं नाव सुवाच्य, शक्यतो इंग्रजी कॅपिटल अक्षरांत लिहावं, असा नियम २०१६ पासून आहे, त्यामुळे विचारताना संकोच कसला? संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट दिलं असेल तर नक्कीच विचारा. ते आठवड्यातून एकदाच घेतात, चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. त्या पाकिटावर वेळेबरोबर वारही लिहा: ‘फक्त रविवारी’.