पहिल्या वर्षाचा सेतू वर्ग : शिकवणाऱ्यांनी काय करायचं

गडचिरोलीत, मेळघाटात किंवा यवतमाळच्या केळापूर-मारेगावकडे बी.ए., बी.एस्सी.ला येणारी बरीच मुलं घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेली असतात. घरी माडिया, गोंडी, कोरकू नाहीतर कोलामी, शाळा आश्रमशाळेची. त्यांच्यासाठी सेतू वर्ग निघतो, दहा दिवस दहावीची उजळणी होते, नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फाइलीत फोटो लागतात आणि वर्ग बंद पडतो. ऑक्टोबरपर्यंत त्यातली काही मुलं दिसेनाशी होतात. दहावीचं गणित येत नाही म्हणून गेलेली त्यात थोडी. बाकीची पुस्तकाची भाषा, शिष्यवृत्तीची कागदपत्रं आणि शेतीचा हंगाम या तिन्हींपैकी कशात तरी अडकलेली असतात. वर्गाची आखणी या तीन गोष्टींभोवती करा.

कॅनडात हॅलिफॅक्सच्या डलहौसी विद्यापीठाने कृष्णवर्णीय आणि मिकमॉ आदिवासी विद्यार्थ्यांसाठी १९७० मध्ये असा उपक्रम सुरू केला, तो वर्षभराचा. आपल्याकडे वेगळं वर्ष मिळणार नाही. पण सहा आठवडे रोज दोन तास आणि पुढे वर्षभर आठवड्याला एक तास, एवढं वेळापत्रकात बसवता येतं.

२५ मुलांच्या एका तुकडीला चार शिक्षक लागतात : भाषेचा एक, गणित-विज्ञानाचा एक, सामाजिक शास्त्रांचा एक आणि निव्वळ कागदपत्रं पाहणारा एक. यातले दोन तरी कायम नोकरीतले हवेत. हे काम हमखास तासिका तत्त्वावरच्या सगळ्यात नव्या माणसाच्या गळ्यात पडतं. त्याचं मानधन उशिरा येतं, पुढच्या वर्षी तो असेलच असं नाही, आणि मुलांची ओळखही त्याच्याबरोबरच जाते. हे तास कार्यभारात धरले जातील असं प्राचार्यांकडून आधीच लेखी घ्या. शिवाय माडिया किंवा कोरकू बोलणारे तिसऱ्या वर्षाचे दोन विद्यार्थी ‘कमवा व शिका’मधून घ्या. सरांना न विचारलेलं मुलं त्यांना विचारतात.

तास ११ ते १ ठेवा. सकाळी आठचा वर्ग कागदावर छान दिसतो, पण एस.टी.ने येणारा त्याला पोचत नाही. संध्याकाळचा ठेवला तर गावाची मुक्कामी गाडी चुकेल या धास्तीने मुलगी शेवटचा अर्धा तास दाराकडेच पाहत राहते. नोटीस बोर्डावर ‘अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांची यादी’ लावू नका, वर्गाला ‘कच्च्यांचा वर्ग’ म्हणू देऊ नका. हजेरी पूर्ण नावाने घ्या. नुसतं आडनाव पुकारलं तर पाच मडावी आणि चार आत्राम एकदम मान वर करतात. आणि नाव चुकीचं उच्चारलं की पोरगं ते दुरुस्त करत नाही, गप्प बसतं.

पहिल्या दिवशी गुण नसलेली अर्ध्या तासाची चाचणी घ्या. त्यांच्याच पाठ्यपुस्तकातला दीडशे शब्दांचा उतारा द्या आणि अडलेल्या प्रत्येक शब्दाखाली रेघ मारायला सांगा. मग त्यावर पाच ओळी लिहून घ्या आणि शेकडेवारीची दोन गणितं द्या. रेघा कुठे पडल्या ते नीट पाहा. विषयातल्या संज्ञांखाली असतील तर काळजी नको, त्या सगळ्यांनाच नव्या असतात. ‘अनुक्रमे’, ‘वगळता’, ‘तथापि’ अशांखाली असतील तर मुलाला वाक्याचा सांधाच सापडत नाही. विषय कितीही समजावला तरी तो प्रश्नपत्रिकेत पुन्हा तिथेच अडेल. असे चाळीसेक शब्द निवडा, रोज पाच घ्या आणि प्रत्येकाचं वाक्य मुलांकडून करून घ्या. बी.एस्सी.च्या मुलांचं इंग्रजीतही हेच करा, पण प्रयोगवहीतल्या सूचना घेऊन, व्याकरणाच्या पुस्तकातून नको.

टिपणं काढणं शिकवावं लागतं. पान उभं दुमडून डावीकडे एक तृतीयांश जागा सोडायची, उजवीकडे तासाला लिहायचं, आणि त्याच रात्री डावीकडे प्रश्न काढायचे. पहिले दोन आठवडे वह्या रोज तपासा. नाहीतर फळा जसाच्या तसा उतरवायची आश्रमशाळेतली सवय सुटत नाही.

गणितासाठी तेंदूपत्त्याचा हिशोब घ्या. ७० पानांचा पुडा, अशा हजार पुड्यांची प्रमाण गोणी. एका घराने किती पुडे आणले, शेकड्याचा भाव काय, सुकताना किती टक्के पुडे खराब झाले : गुणोत्तर, शेकडेवारी आणि आलेख यातच येतात. अर्थशास्त्र-राज्यशास्त्राला ग्रामसभेचं हिशोबाचं रजिस्टर आणि ठराववही वाचायला द्या. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तिथून वनहक्क कायद्याच्या तरतुदींकडे सरळ जाता येतं. या विषयात बोलकी होणारी मुलं बहुधा मागच्या बाकावरची असतात.

कागदपत्रांचा शिक्षक पहिल्या आठवड्यात फक्त तपासणी करतो. टी.सी., आधार आणि जातीचा दाखला या तिन्हींवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का? एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी महाडीबीटीवरचा, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा, अर्ज परत येतो. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा आहे ना? तो ३१ मार्चला संपतो. शाळेत उघडलेलं बँक खातं सज्ञान झाल्यावर बदलून घेतलं का? खात्याला आधार जोडलंय एवढं बघून थांबू नका. थेट लाभाचे पैसे त्याच खात्यात येतील अशी नोंद बँकेत झालीय का, ते विचारा. ती नसेल तर मंजूर झालेली रक्कम अडकून राहते. ओटीपीचं दुखणं वेगळंच : आधारला जोडलेला नंबर भावाच्या फोनमध्ये आणि भाऊ भामरागडकडे रेंजबाहेर. म्हणून आधी आधार केंद्रावर नेऊन नंबर बदलून घ्या, अर्ज त्यानंतर. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर अनुसूचित जमातीच्या मुलांना पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आणि अनुसूचित जातीच्या मुलांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. दोन्हींचे निकष वर्गात वाचून दाखवा.

धानपट्ट्यात जुलै-ऑगस्टला रोवणी असते, नेमकी सेतू वर्गाच्या दिवसांत. घरच्या वावरात चिखलणी झाली, पऱ्हे (धानाची रोपं) तयार झाले की मूल थांबणार नाही, आणि त्यासाठी त्याला रागावून काही हाती लागत नाही. जायच्या आधी त्याच्या हातात आठ दिवसांचा गठ्ठा द्या : पाच पानं वाचन, दहा गणितं आणि परत यायची तारीख. ती तारीख उलटून दोन दिवस झाले की फोन लावा, संध्याकाळी, कारण रेंज असते त्या टेकाडावर माणसं तेव्हाच चढतात. यवतमाळ-अमरावतीकडे हीच गळती सोयाबीन काढणीला आणि कापूस वेचायला होते. तिथला गठ्ठा सप्टेंबरच्या शेवटी तयार हवा.

सत्र संपता संपता परीक्षा अर्जाची तारीख येते. मूल वर्षातून उठतं ते बहुतेक इथेच. शिष्यवृत्ती आलेली नसते, हातात फी नसते, आणि मुलं ते सांगत नाहीत. विलंब शुल्क सुरू व्हायच्या आठ दिवस आधी पंचवीस जणांची यादी घेऊन बसा, ज्यांचा अर्ज भरलेला नाही त्यांना एकेकटं बोलावून घ्या आणि फी हप्त्याने भरायची परवानगी प्राचार्यांकडून त्याच दिवशी घ्या.