उपचार संपले, फाइल माळ्यावर टाकू नका
मुलाचे कॅन्सरचे उपचार संपले की डॉक्टरांकडून उपचारांचा सारांश लेखी मागून घ्या: कुठली औषधं, एकूण किती डोस, रेडिएशन कुठे. सिस्प्लॅटिन हे कॅन्सरचं औषध दिलं असेल तर बारीक, उंच आवाज कमी ऐकू येऊ शकतात. मग वर्गात ‘साठ’चं ‘आठ’ होतं आणि पोरगं लक्षच देत नाही असा शिक्का बसतो. आधी ऑडिओग्राम (कानाची ऐकण्याची तपासणी) करा, मगच रागवा! डोक्याला रेडिएशन झालं असेल तर लिहिण्याचा वेग मंदावू शकतो. बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ हवा तर दिव्यांग प्रमाणपत्राची धावपळ नववीतच सुरू करा. शाळा सुटलीच असेल, तर बाहेरून दहावी-बारावीला बसण्यासाठी १७ नंबरचा फॉर्म आहे. डॉक्सोरुबिसिन या औषधाचा हृदयावर परिणाम होऊ शकतो; ते घेतलेल्यांनी पोलीस भरतीच्या धावण्याचा सराव टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) डॉक्टरांना दाखवूनच सुरू करावा.