बेळगावकरानं पणजी कशी बघावी

गेली 19 वर्षं मी बेळगावच्या मार्केट यार्डातून पणजीला भाजी नेतो. ढबू मिरची, कोबी, बिनीस, गाजर आणि पावसाळा सोडून कोथिंबीर. पहाटे माल उतरला की दुपारपर्यंत मी मोकळा. गाडीत झोपून काढण्याऐवजी तो वेळ मी पणजी पायी फिरण्यात घालवला. आता गावातली पोरं विचारतात, "काका, गोव्याला जायलोय, काय बघू?" त्यांना बीच नि कॅसिनो ठाऊक असतात. राजधानीचं शहर त्यांनी बघितलेलंच नसतं. ते एका दिवसात कसं बघायचं, ते सांगतो.

चोर्ल्याची वाट धरा. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, केरी, साखळी. खानापूर-अनमोडची वाटही चांगली, पण कणकुंबी चुकवू नका. मलप्रभा तिथं उगम पावते आणि पूर्वेला जाते. म्हादई आपल्याच खानापूर तालुक्यातल्या जंगलात उगम पावते आणि पश्चिमेला उतरते. पणजीला तिलाच मांडवी म्हणतात. म्हणजे पणजीच्या धक्क्यावर उभं राहून जे पाणी बघाल, त्यातलं काही आपल्या तालुक्यातून आलेलं असतं. कळसा-भांडुरा या पाणी वळवायच्या योजनेवरून कर्नाटक नि गोव्यात केवढी भांडणं झाली, ती याच पाण्याची. हे डोक्यात ठेवून गेलात तर शहर वेगळं दिसतं.

पावसाळ्यात घाटात रात्री जाऊ नका. एका जुलैत दरड आली आणि मी कणकुंबीच्या अलीकडं सात तास अडकलो. कोथिंबीर एकावर एक रचली की आतून तापते. हात घातला तर भाकरी ठेवलेल्या टोपलीसारखी ऊब लागते, मग वास येतो, मग पानं काळी पडतात. अर्धी गाडी मी उजाडताना रस्त्याकडेला ओतली. तेव्हापासून जून ते सप्टेंबर कोथिंबीर भरत नाही. तुम्हीही पावसाळ्यात जाणार असाल तर दिवसा निघा आणि घाट चालू आहे का, ते आधी विचारून घ्या.

साखळीहून आमोण्याचा पूल ओलांडा आणि माशेल, बाणस्तारीवरून जुन्या गोव्यात या. ही वाट मुद्दाम सांगतो. पोर्तुगीजांची आधीची राजधानी हीच. 1510 साली आफोन्सो द आल्बुकेर्कनं ती आदिलशाहीकडून घेतली. पुढं साथींनी शहर पोखरलं, माणसं मेली, उरलेली निघून गेली. 1759 मध्ये व्हाइसरॉयनं मुक्काम पणजीला हलवला आणि 1843 मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली, नाव पडलं नोव्हा गोवा. तुम्ही त्याच क्रमानं या. जुन्या गोव्यातून रायबंदर, आणि तिथून पाण्यावर बांधलेला तीनेक किलोमीटरचा बांध, जो थेट पणजीत पोचतो. हा बांध 1630 च्या दशकातला. दोन्हीकडं पाणी, मिठागरं, बगळे. मी पहाटे इथं खिडकीची काच खाली करतो. खारा वास आला की माल पोचला असं समजतो.

पहिला थांबा बाजाराचा, तोही सात वाजायच्या आत. पणजीचं पोट आपल्याकडून भरतं, हे तिथं डोळ्यांनी दिसतं. गोव्यात जमीन कमी, खाणारे जास्त, त्यात हॉटेलं. भाजी बरीचशी बेळगावची, दूधही आपल्या बाजूनं जातं. फलोत्पादन महामंडळाचे सवलतीच्या भाजीचे गाडे दिसतील, तिथलीही भाजी बहुतेक आपलीच. मासळीच्या बाजूला जा, पण मधे उभं राहून वाट अडवू नका, त्या बायांची कमाईची वेळ असते. मी ज्या मावशींना पहिल्यापासून कोथिंबीर देतो, त्या जुडी उचलतात, मुळं नाकाशी नेतात आणि म्हणतात, "बरी आसा रे आज." एवढ्यावर आमचा सौदा होतो. मुळांना मातीचा ओला वास असला तर माल रात्रीचा, आंबट आला तर आदल्या दिवसाचा. हे मला त्यांनीच शिकवलं.

नाश्त्याला पातळ भाजी नि पाव घ्या, सोबत मिरची भजी. पोई मिळाली तर सोडू नका. तो कोंड्याचा पाव, आतून पोकळ, दुपारी बाराच्या पुढं मिळेलच असं नाही.

मग नदीकाठानं चालत आदिलशहाच्या वाड्यापाशी या. यूसुफ आदिलशहानं बांधलेला, पुढं व्हाइसरॉयचं निवासस्थान, मग सचिवालय, गोवा मुक्त झाल्यावर विधानसभाही इथंच. 2000 मध्ये विधानसभा नदीपलीकडं पर्वरीला गेली. आपल्या किल्ल्यातली साफा मशीद आदिलशाहीतली आणि हा वाडाही तिचाच. विजापूरचं राज्य कुठून कुठं पोचलं होतं, ते बेळगावच्या माणसाला नकाशाशिवाय कळतं. वाड्याशेजारी आबे फारियाचा पुतळा आहे, समोर बाई कोसळते आहे आणि तो हात पसरून उभा. कांदोळीत जन्मलेला हा पाद्री, युरोपात संमोहनाचा अभ्यास करून गाजला. तिथं थोडा वेळ थांबा.

नदीत कॅसिनोच्या बोटी दिसतील. त्यावर जाऊ नका, हे माझं स्पष्ट मत. आपल्या भागातला एक पोरगा मी सकाळी बसस्टँडवर बघितला, परतीच्या तिकिटासाठी मोबाइल विकायला काढला होता. त्याला गाडीत बसवून आणला. वाटभर तो एक शब्द बोलला नाही. त्यापेक्षा बेतीची फेरीबोट धरा, पलीकडं जा आणि परत या. पाण्यावरून शहर बघा. 5 जुलै 1986 रोजी मांडवीचा पहिला पूल कोसळला तेव्हा माणसं याच फेरीबोटींवर अवलंबून होती. खनिजाच्या बार्ज याच नदीतून मुरगावकडं जायच्या. 2012 मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा साखळी-डिचोलीच्या रस्त्यावरचे ट्रक एकदम नाहीसे झाले. आम्हाला रस्ता मोकळा मिळाला, पण वाटेवरच्या चहाच्या टपऱ्यांचं काय झालं, ते मी बघितलंय.

पणजीच्या इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चच्या पायऱ्या चढायला फार वेळ लागत नाही. मूळ चर्च 1541 चं, आत्ताचं 1619 चं. वरची मोठी घंटा जुन्या गोव्यातल्या पडक्या ऑगस्टिनियन मठातून आणलेली. 8 डिसेंबरला फेस्त असतं, त्या दिवशी गाडी लावायला जागा मिळणार नाही.

फोंताइन्हास आणि मळा या जुन्या वस्त्यांना मात्र दोन तास द्या. पिवळ्या, निळ्या, लाल भिंती, पाऊस संपला की नव्यानं रंगवतात. सगळे भिंतींचे फोटो काढतात, तुम्ही जुन्या खिडक्या बघा. काचेच्या जागी शिंपले बसवलेले असतात, तळहाताएवढे, चपटे, घासून पातळ केलेले, लाकडी पट्ट्यांत ओळीनं अडकवलेले. एका घरी मी टोमॅटोचा क्रेट पोचवायला गेलो होतो, तेव्हा आतून बघायला मिळालं. बाहेर दहाचं कडक ऊन आणि आत ताकासारखा पांढुरका उजेड, ना झळ ना अंधार. काचेपेक्षा ही युक्ती या हवेला शहाणी आहे. पण ही राहती घरं आहेत. पायरीवर बसून, दारात उभं राहून फोटो काढू नका. लोकांनी पाट्या लावल्यात, तरी माणसं ऐकत नाहीत.

शेवटी आझाद मैदान. गोवा मुक्तीच्या लढ्यातले त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा यांच्या अस्थी इथं आहेत. डिसेंबर 1961 मध्ये ऑपरेशन विजयसाठी सैन्याची जमवाजमव बेळगावात झाली होती आणि 19 तारखेला सैन्य पणजीत शिरलं. माझे आजोबा सांगायचे, रात्रभर गाड्यांचे आवाज, सकाळी रस्त्यावर नुसती धूळ.

आता भाषेचं. पणजीत आपली मराठी सगळ्यांना कळते, स्टॉलवर तरुण भारत मिळतो, म्हणून आपली माणसं सहज बोलून जातात की कोंकणी म्हणजे मराठीच की. हे बोलू नका. 16 जानेवारी 1967 ला तिथं जनमत कौल झाला. महाराष्ट्रात जायचं तर फूल, वेगळं राहायचं तर दोन पानं. 34,021 मतांनी दोन पानं जिंकली. 1987 मध्ये कोंकणी राजभाषा झाली आणि मराठीलाही सरकारी कामकाजात जागा राहिली. 1956 पासून आपण सीमाभागात आपल्या पाटीवरच्या अक्षरांसाठी भांडतोय. आपली भाषा कुणी दुसऱ्याच भाषेत ढकलली की पोटात काय होतं, ते आपल्याइतकं कुणाला माहीत? मी मावशींशी मराठीत बोलतो, त्या कोंकणीत उत्तर देतात. 19 वर्षांत एकदाही अडलं नाही.

दुपारी तीनला निघा, म्हणजे उजेडात घाट चढून होतो. मासळी न्यायची तर थर्माकोलच्या डब्यात खाली बर्फ, मधे बांगडे, वर परत बर्फ, आणि डब्याला तळाशी एक बारीक भोक. पाणी साठलं की मासळी मऊ पडते. मी कणकुंबीला थांबून डबा तिरका करतो, पाणी जाऊ देतो, चहा घेतो आणि मग जांबोटीकडं गाडी लावतो.