सही करण्याआधी: परदेशात नव्याने आलेल्यांसाठी

बँकेचं खातं, फोनचं कार्ड, बसचा पास हे सगळं तुम्हाला पहिल्या आठवड्यात कळेल, त्यासाठी माझी गरज नाही. मी लिहितेय ते अडीनडीला फोन करता येईल अशी माणसं कशी जोडायची याबद्दल. मला इथे बावीस वर्षं झाली. सुरुवातीला मी जे घोटाळे केले तेच दर वर्षी नवीन आलेले करताना बघते, आणि मग रात्री अकराला मलाच फोन येतो.

सगळ्यात महागात पडलेली चूक आधी सांगते. येऊन तीन वर्षं झाली होती. एका कार्यक्रमात एक मुलगा भेटला. मराठी, बोलायला लाघवी, बोलता बोलता दूरची ओळखही निघाली. त्याला घर भाड्याने घ्यायचं होतं आणि घरमालकाला जामीन हवा होता. मी सही केली. तो कुठे काम करतो, आधी कुठे राहत होता, इथे त्याला दुसरं कोण ओळखतं, यातलं एकही मी विचारलं नाही. विचारणं मला अपमानकारक वाटलं! पाचव्या महिन्यात तो देश सोडून गेला. मागे एक गादी, फुटलेली खिडकी आणि माझ्या नावाने आलेलं पत्र उरलं. चार महिन्यांचं थकलेलं भाडं आणि दुरुस्ती मी अकरा हप्त्यांत फेडली.

म्हणून जामीन राहू नका. ‘फक्त एक फॉर्मॅलिटी आहे’ असं जो म्हणेल त्याच्यासाठी तर अजिबातच नको. जामीन म्हणजे त्याने नाही भरलं तर तुम्ही भरायचं. राहावंच लागलं तर करारात रकमेची मर्यादा आणि मुदत लिहिली आहे का ते बघा. कराराची मुदत वाढली की जामीनही वाढतो, असं कलम कधी कधी असतं. मदत करायचीच असेल तर दोन आठवडे घरात झोपायला जागा द्या, किंवा परत आले नाहीत तरी चालतील एवढेच पैसे द्या. कोणी त्याच्याबद्दल विचारलं तर खरं सांगा: ‘सहा आठवड्यांची ओळख आहे, तेवढ्यात तरी वेळेवर आलाय.’ अशी शिफारस घेणाऱ्याच्याही उपयोगाची असते.

‘आपला माणूस’ या दोन शब्दांवर लोक किती पैसे काढतात हे जुनंच आहे. 1920 साली बोस्टनमध्ये चार्ल्स पॉन्झीने 45 दिवसांत 50 टक्के नफा देतो म्हणून लोकांचे पैसे गोळा केले. जुन्यांना द्यायला नव्यांचे पैसे वापरले जात होते. तो स्वतः इटलीहून आलेला, आणि फसलेल्यांत इटलीहून आलेले खूप होते. शेजाऱ्याला पैसे मिळाले हे दिसत होतं, मग चौकशी कोण करणार? आपल्यातही कोणी ‘बाहेरच्यांना सांगू नका, फक्त आपल्या लोकांसाठी आहे’ असं म्हणून योजना आणली, की मी उठून पाणी प्यायला जाते.

मग माणसं जोडायची कशी? छोट्या, परतफेड होणाऱ्या गोष्टींनी. माझ्या पहिल्या घराशेजारी एक म्हातारे गृहस्थ होते. आम्हा दोघांनाही इथली भाषा जेमतेम येत होती. मी त्यांच्याकडून शिडी मागितली, काम झालं तशी संध्याकाळी पुसून परत दिली. पुढच्या महिन्यात त्यांनी मला एक सरकारी पत्र वाचायला दिलं. मलाही निम्मंच कळलं, पण दोघांनी मिळून ते सोडवलं. दोन वर्षांनी मला मध्यरात्री दवाखान्यात जावं लागलं तेव्हा माझी मुलगी त्यांच्याकडे झोपली. शिडीपासून मुलीपर्यंत यायला दोन वर्षं लागली. आल्या आल्या मोठी मदत मागणारे आणि कधीच काही न मागणारे, दोघंही एकटे पडलेले मी पाहिलेत. दुसऱ्या प्रकारच्यांना वाटतं आपण स्वाभिमानी आहोत. पण तुम्ही मागत नाही म्हणून समोरचाही तुमच्याकडे मागायला कचरतो.

भिशीबद्दल हमखास विचारलं जातं. मेक्सिकोतले लोक तिला टांडा म्हणतात, घानातले सुसू. दहा जण, दहा महिने, दर महिन्याला एकाला सगळी रक्कम. यात पहिला नंबर घेणारा खरं तर नऊ हप्त्यांचं कर्ज घेतो आणि शेवटचा नुसती बचत करतो. त्यामुळे नवीन माणसाला शेवटचे नंबर द्यायचे, आणि त्याला आणणाऱ्याने त्याचा हप्ता चुकला तर भरायचा, हे आधीच ठरवा. तुम्ही नवीन असाल आणि शेवटचा नंबर मिळाला तर रुसू नका. वही ठेवा, दर महिन्याला सह्या घ्या. ‘आपल्यात कसली वही’ म्हणणाऱ्याच्या भिशीत जाऊ नका. एखाद्याचा हप्ता चुकला की लगेच ग्रुपवर चव्हाट्यावर आणू नका. आधी एकट्याला विचारा, मग थोडा दंड, काढून टाकणं अगदी शेवटी. एलिनॉर ऑस्ट्रॉम या बाईंना 2009 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. सामायिक पाणी, कुरणं पिढ्यानपिढ्या नीट सांभाळणाऱ्या गटांमध्ये शिक्षा अशी पायरीपायरीने वाढते, हे त्यांनी दाखवून दिलं होतं. मला ते एका वैतागलेल्या भिशीत कळलं.

फक्त मराठी मंडळींत राहू नका, नोकरी शोधताना तर नाहीच. आपला ग्रुप प्रेमळ असतो, पण सगळ्यांना एकच बातमी माहीत असते. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचा एक लेख 1973 साली छापून आला. त्यासाठी त्यांनी ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना विचारलं होतं, की ही ओळखीची व्यक्ती तुम्हाला कितीदा भेटायची? ‘वारंवार’ म्हणणारे जेमतेम 17 टक्के निघाले. बाकीच्यांना नोकरी कळली ती अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांकडून. माझी दुसरी नोकरी मुलीच्या पोहण्याच्या वर्गाबाहेर बाकावर बसणाऱ्या एका बाईमुळे मिळाली. तिचं आडनाव मला आजही नीट उच्चारता येत नाही.

इथली माणसं थंड आहेत, असं तुम्हाला पहिल्या महिन्यात सांगितलं जाईल. सांगणारे बहुतेक वेळा दहा वर्षांत एकाही शेजाऱ्याच्या दारात गेलेले नसतात. मला इथली माणसं सावकाश वाटली. ‘बघू’ म्हणाली तर खरंच बघतात, आणि नाही जमलं तर तसं कळवतात. आपण ‘नक्की येतो’ म्हणून जात नाही, त्याची मात्र इथे नोंद होते. माझी दोन आमंत्रणं त्यापायी कायमची बंद झाली.

घराची जादा चावी कोणाकडे ठेवायची, हे पहिल्या हिवाळ्याआधी ठरवा. कोणीच सुचत नसेल तर आज शेजारच्या घराची बेल वाजवा आणि शिडी आहे का विचारा.