जुन्या सिनेगॉगची पश्चिम भिंत : चुन्याचा गिलावा कसा करावा

बेने इस्रायली, म्हणजे कोकणातली मराठी बोलणारी ज्यू मंडळी, सिनेगॉगला (आपल्या प्रार्थनास्थळाला) मशीद म्हणतात. मुंबईतली १७९६ची शाआर हारहामीम असो की अलिबागची १८४८ची मागेन आबोथ, प्रार्थना जेरुसलेमच्या दिशेने, म्हणजे आपल्याकडून पश्चिमेला तोंड करून. तोरा, म्हणजे ज्यूंचा धर्मग्रंथ, ठेवायचं कपाट, हेखल, तेही त्याच बाजूला. कोकणात पाऊस झोडपतो तोही तिकडूनच, त्यामुळे आधी ही भिंत बघा.

सेफेर तोरा (तोराच्या हस्तलिखित गुंडाळ्या) समाजाच्या माणसांनीच हलवावेत. जीर्ण पोथ्या रद्दीत जात नाहीत, दफन होतात. शनिवार शब्बाथचा, म्हणजे विश्रांतीचा दिवस, म्हणून शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी काम थांबवा, ते रविवारी सकाळी सुरू करा.

भिंतीतल्या संगमरवरी पाटीवर हिब्रू वर्ष असेल, तर त्यातून ३७६० वजा करा : ५६०८ म्हणजे १८४८. रोश हशाना (सप्टेंबर-ऑक्टोबरात येणारं ज्यू नववर्ष) ते डिसेंबरअखेरची तारीख असेल तर ३७६१. पाटीवर नुसतं ६०८ दिसलं तर हजाराचा आकडा गाळलेला आहे, ५००० मिळवून घ्या.

आता ओल. पोपडे आणि पांढरे क्षार दिसले की बहुधा वर कधीतरी सिमेंट थापलेलं असतं. चुन्याची भिंत ओल बाहेर सोडते. सिमेंट ती कोंडतं, आणि मग दगडाचेच पापुद्रे सुटतात. कौलं आणि पन्हळी नीट केल्याशिवाय गिलाव्याला हात लावू नका, पैसे पाण्यात जातील. सिमेंट छिन्नीने काढा, ब्रेकर नको. सांधे २० ते २५ मिमी खरवडा. क्षार कोरड्या ब्रशने झाडा. धुतले तर विरघळून परत आत जातात. पावसाळ्यानंतर भिंत निदान दोन महिने वाळू द्या.

मिश्रण : मुरलेला चुना १, नदीची धुतलेली वाळू ३. भिंत फार ओलसर असेल तर चुना १, सुरखी (भाजक्या विटांची पूड) १, वाळू २. समुद्राची वाळू अजिबात नको, तिच्यातलं मीठ पुन्हा तेच दुखणं आणतं. भिंत आधी ओली करून १० ते १२ मिमीचा थर द्या. नखाने दाबून खूण उमटेनाशी झाली की दुसरा थर, शेवटी ३ मिमीचा बारीक हात. ओली गोणपाटं आठवडाभर. उन्हात भराभर सुकला किंवा थर जाड झाला, तर जाळीसारख्या भेगा पडतात.

"पटकन धरेल" म्हणून गवंडी चिमूटभर सिमेंट टाकायला बघेल, लक्ष ठेवा. वरून ऑइल पेंटही नको. चुन्याची पातळ सफेदी, तीन-चार हात.