शहर सोडून गावात आलात ना, मग सायकल अशी काढा

पुण्यातली नोकरी सोडून मी वर्धा जिल्ह्यात आर्वीकडे गावात राहायला आलो तेव्हा सायकल सोबतच आणली होती, पण पहिले दोन महिने काही मजाच येईना. कारण मी इथंही तसाच चालवत होतो, कानात गाणी, नजर मोबाईलवरच्या किलोमीटरवर. आता पाच वर्षं झाली. जे शिकलो ते सांगतो, म्हणजे तुमचे ते दोन महिने वाचतील.

१) आधी सायकल. महागडी नको, गिअर नसले तरी चालतं कारण आपल्याकडे चढ फार नाहीत, पण टायर जाड पाहिजेत. माझे २६ इंची आहेत, १.९५ रुंदीचे. डांबरीवर हवा ४५-५० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ठेवतो, कच्च्या रस्त्यावर ३५ च्या आसपास, मग दगडगोट्यांचे हादरे कमी बसतात. सीटची उंची बघायला टाच पेडलवर ठेवा आणि पेडल एकदम खाली न्या, पाय सरळ झाला की झालं. बहुतेकांची सीट खालीच असते आणि मग गुडघे दुखले म्हणून सायकल पडून राहते.

२) वेळ. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपला खरा सीझन, उजाडल्यावर निघायचं. मे मध्ये पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा साडेपाचला निघून आठच्या आत घरी, त्यात हट्ट करायचा नाही. पाणी तासाला अर्धा-पाऊण लिटर तरी लागतंच, उन्हाळ्यात त्याहून जास्त. एका लिटरमध्ये ६ लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ घालून एक बाटली वेगळी ठेवा.

३) रस्ता. गावातून वावराकडे, म्हणजे शेताकडे, जाणारे पांदण रस्ते हेच खरं सुख, एकीकडे पऱ्हाटी (कपाशी), दुसरीकडे तूर आणि मधून बैलबंडीच्या चाकोऱ्या. पण पाऊस पडला की पांदणीत शिरायचं नाही! पहिल्याच पावसाळ्यात मी शिरलो, काळी माती टायरला अशी चिकटली की मडगार्डमध्ये गच्च बसून चाकच फिरेना, शेवटी सायकल खांद्यावर घेऊन निघालो. धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) एक काका उभे होते, म्हणाले, "काऊन भाऊ, तुराटीनं काढा ना माती!" तेव्हापासून कॅरिअरला एक तुराटी, म्हणजे तुरीची वाळलेली काडी, बांधलेली असते. चांगलं ऊन पडल्यावर दोन-तीन दिवस थांबा, तोवर डांबरी रस्ता धरा.

४) पंक्चर. हे घरीच शिकून घ्या, कारण बाभळीचे काटे आणि सराटे कोणाला सोडत नाहीत आणि दुकान असतं तालुक्याच्या गावी. ट्यूब काढा, हवा भरा, पाण्यात बुडवून बुडबुडे कुठून येतात ते बघून खूण करा. जागा कोरडी करून पॉलिश पेपरनं घासा, सोल्युशन लावा आणि चार-पाच मिनिटं वाळू द्या, इथेच लोक घाई करतात आणि ठिगळ सुटतं. मग ठिगळ दाबून बसवा. आता महत्त्वाचं, टायरच्या आत काटा राहिला असेल तर नवी ट्यूबही दहा मिनिटांत जाते. बोटानं चाचपडू नका, टोचेल. कापसाचा बोळा टायरच्या आतून फिरवा, जिथे कापूस अडकेल तिथे काटा. कापसाची आपल्याकडे काय कमी!

५) जनावरं. कुत्री मागं लागली तर पळू नका, उतरा आणि सायकल मधे धरून हळूहळू चालत निघा. पहाटे रोही (नीलगाय) आणि रानडुकरं अचानक रस्त्यावर येतात. बोर अभयारण्याच्या बाजूच्या गावांत अंधारात जाऊच नका, आधी गावात विचारा वाघाची काही खबर आहे का. आणि कोणाच्या वावराच्या तारेला हात लावू नका, डुकरांसाठी करंट सोडलेला असू शकतो.

पहिली लांबची राईड कुठे, तर मी वर्ध्याहून सेवाग्राम सांगतो, ८-एक किलोमीटर. गांधीजी १९३६ साली इथे राहायला आले तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. आश्रमातल्या कुटीच्या मातीच्या भिंती आणि छपराचे कवेलू बघताना मला दर वेळी वाटतं, माणसाला राहायला एवढं पुरतं. दुसऱ्या रविवारी पवनारला जा, विनोबांच्या आश्रमाखालून धाम नदी वाहते, तिथल्या खडकांवर अर्धा तास नुसतं बसा.

वाटेत "कुठी चालले भाऊ?" असं कोणी विचारलं की थांबा, एक पाय टेकवून नाही, उतरून नीट बोला. पुढचा नाला वाहतो आहे का, पूल खचला आहे का, हे मॅप सांगत नाही, ही माणसं सांगतात. आणि कॅरिअरला एक रिकामी थैली ठेवा, डिसेंबर-जानेवारीत कोणी ना कोणी तुरीच्या ओल्या शेंगा देतंच, नाही म्हटलं तर त्यांना वाईट वाटतं.