कॉलेजे पाहायला पुण्यात येताना रात्रीचा मुक्काम कुठे करावा

जून महिना लागला की लातूर जिल्ह्यातल्या अहमदपूर, चाकूर, उदगीर भागातल्या ओळखीच्या पालकांचे फोन सुरू होतात. ‘पोरीला घेऊन कॉलेजं बघायला येतोय, एक-दोन रात्री कुठं काढाव्यात?’ असा प्रश्न असतो. मी त्यांना आधी उलट विचारतो, की दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता आपल्याला कोणत्या कॉलेजच्या फाटकाशी उभे राहायचे आहे? त्याचे उत्तर नक्की झाल्याशिवाय मुक्कामाची जागा ठरवू नये, असे माझे पंचवीस वर्षांहून अधिक काळ पुण्यात राहून झालेले मत आहे.

१९९९ साली मी वडिलांबरोबर पहिल्यांदा पुण्यात आलो, तेव्हा आम्ही हडपसरला आत्याकडे उतरलो होतो आणि कॉलेज होते आकुर्डीला. त्या काळी पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी अशा दोन वेगळ्या बससेवा होत्या; त्यांची मिळून पीएमपीएमएल झाली ती २००७ मध्ये. ‘उपाशीपोटी कसं पाठवू?’ म्हणत आत्याने भाकरी-भाजी केल्याशिवाय घराबाहेर पडू दिले नाही. पुढे बसगाड्या बदलत आम्ही कॉलेजात पोहोचलो, तेव्हा चौकशीची खिडकी जेवणाच्या सुट्टीसाठी बंद होत होती. आत्याच्या मायेत काही कमी नव्हते. आम्ही शहराच्या एका टोकाला झोपलो होतो आणि काम दुसऱ्या टोकाला होते, एवढेच झाले होते. नातेवाइकांकडे जरूर उतरावे, पण ते घर कॉलेजच्या वाटेवर असेल तरच. नाही तर काम उरकून दुसऱ्या रात्री त्यांच्याकडे जावे, म्हणजे त्यांनाही वाईट वाटत नाही आणि गप्पाही निवांत होतात.

पुण्यात नुसत्या संस्थेच्या नावावर भागत नाही, पत्ता पाहावा लागतो. एमआयटी म्हटले की कोथरूड डोळ्यांसमोर येते, परंतु त्याच परिवारातील संस्था आळंदीला आणि लोणी काळभोरलाही आहेत. सिंहगडची कॉलेजे वडगाव बुद्रुक, आंबेगाव, वारजे, कोंढवा येथे आहेत आणि थेट लोणावळ्यालाही आहेत. सिंबायोसिसचे विभाग सेनापती बापट रस्ता, विमाननगर आणि लवळे अशा परस्परांपासून दूर असलेल्या ठिकाणी आहेत. डी. वाय. पाटील या नावाचेही तसेच आहे. पिंपरी, आकुर्डी आणि लोहगाव ही तीन गावे एका सकाळी होत नाहीत. त्यामुळे कॉलेजच्या कार्यालयात फोन करून जवळची मोठी खूण विचारून घ्यावी आणि मगच लॉज पाहावा.

फर्ग्युसन, बीएमसीसी, आयएलएस, गरवारे, मॉडर्न, सीओईपी आणि कृषी महाविद्यालय ही मंडळी डेक्कन व शिवाजीनगर या पट्ट्यात आहेत आणि टिळक रस्त्यावरचे स. प. महाविद्यालयही तिथून लांब नाही. ही कॉलेजे पाहायची असतील, तर डेक्कन किंवा शिवाजीनगरलाच खोली घ्यावी. भाडे थोडे जास्त पडते, पण रिक्षाचा खर्च वाचतो आणि बरेचसे पायी होते. बिबवेवाडीचे व्हीआयटी, धनकवडीचे पीआयसीटी किंवा कात्रजजवळचे भारती विद्यापीठ असेल, तर स्वारगेट सोयीचे. आकुर्डी-निगडीची कॉलेजे असतील, तर मुक्काम चिंचवड किंवा आकुर्डीलाच करावा. ते जमलेच नाही, तर पुणे स्टेशनजवळ राहून सकाळची लोणावळा लोकल धरावी, ती आकुर्डीला थांबते. १९९९ साली हे आम्हाला कोणी सांगितले असते, तर आमची ती सकाळ वाया गेली नसती.

आता मेट्रोमुळे एक मोठी सोय झाली आहे. पिंपरी ते स्वारगेट आणि वनाज ते रामवाडी या दोन मार्गिका सिव्हिल कोर्ट स्थानकावर एकमेकींना मिळतात, त्यामुळे शिवाजीनगरला राहिलेल्या पालकांना कोथरूडकडे किंवा पिंपरीकडे वाहतुकीत न अडकता जाता येते. मात्र कात्रज, बिबवेवाडी किंवा हडपसरसाठी अजून बस वा रिक्षाच आहे, हे हिशेबात धरावे.

खोली घेताना भाड्याच्या आधी दोन गोष्टी विचाराव्यात. पहिली म्हणजे हिशेब चोवीस तासांचा आहे की दुपारी बारा वाजता खोली सोडावी लागते. आपल्याकडच्या रात्रीच्या ट्रॅव्हल्स पहाटे चार-पाचला उतरवतात. बाराचा नियम असेल, तर पहाटे घेतलेल्या खोलीचे सात-आठ तासांत पूर्ण दिवसाचे पैसे जातात. दुसरी म्हणजे गरम पाणी किती वाजता मिळते. सर्वांनी मूळ आधार कार्ड जवळ ठेवावे, आणि अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या मुलामुलींना एकटे पाठवू नये, कारण त्यांना खोली मिळत नाही. रेल्वेने येणाऱ्यांना पुणे स्टेशनवरच्या विश्रांतीगृहात तिकिटाच्या पीएनआर क्रमांकावर खोली राखून ठेवता येते. स्वस्त आणि सुरक्षित म्हणून मी ती सुचवतो, मात्र बरेच दिवस आधी पाहावे लागते.

सदाशिव पेठेत किंवा नारायण पेठेत गावचा एखादा मुलगा स्पर्धा परीक्षेसाठी कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेपुरते भाडे देऊन, राहत असतो आणि तो मोठ्या मनाने ‘या की रूमवर’ म्हणतो. तरीही घरमालकाला विचारल्याशिवाय जाऊ नये. काही वर्षांपूर्वी असेच गेलेले आमच्या गावचे बाप-लेक रात्री अकरा वाजता पिशव्या घेऊन माझ्या दारात आले. बाहेर जुलैचा पाऊस होता. गुणपत्रिका, नॉन-क्रीमीलेअर, जात वैधता, सगळी फाइल भिजली होती. आम्ही एकेक कागद पलंगावर पसरून पंख्याखाली वाळवला. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची निळी शाई पसरून मुख्याध्यापकांची सही पुसट झाली होती आणि तो मुलगा तिच्याकडे एकटक पाहत बसला होता. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो, की कागदपत्रे प्लॅस्टिकच्या जाड पिशवीत ठेवावीत आणि खोलीवर सोडून जाऊ नयेत.

तारखा ठरवताना पालखी सोहळा पाहून घ्यावा. ज्ञानेश्वर महाराज आणि तुकाराम महाराजांच्या पालख्या पुण्यात मुक्कामी असतात, तेव्हा भवानी पेठ, नाना पेठ आणि आसपासचे रस्ते वारकऱ्यांनी भरलेले असतात. दर्शनासाठी यावे, कॉलेजे पाहण्यासाठी त्या दिवसांत येऊ नये. गणेशोत्सवात पेठांमधील लॉजचीही तीच अवस्था असते.

कॉलेजजवळ मुक्काम करा असा माझा एवढा आग्रह असण्याचे आणखी एक कारण आहे, आणि माझ्या दृष्टीने ते वेळेपेक्षाही महत्त्वाचे आहे. दिवसा कॉलेज दिसते. मूल पुढची तीन-चार वर्षे ज्या भागात राहणार आहे, तो भाग संध्याकाळी सातनंतर दिसतो. म्हणून खोलीवर सामान टाकून दोघांनी बाहेर पडावे. वसतिगृहाच्या फाटकापर्यंत चालत जावे, रस्त्यावर दिवे आहेत का, शेवटची बस किती वाजता आहे हे पाहावे आणि रात्रीचे जेवण हॉटेलात न घेता मुले जिथे जेवतात त्या मेसमध्ये घ्यावे. मेसवाल्या मावशींना महिन्याचा दर, रविवारी संध्याकाळी मेस बंद असते का आणि आजारी पडल्यावर डबा खोलीवर मिळतो का, हे विचारावे. शेजारी जेवणाऱ्या मुलांशी आपल्या मुलाला किंवा मुलीला बोलू द्यावे आणि आपण थोडे बाजूला बसावे. मुलांना जे विचारायचे असते, ते वडिलांसमोर विचारता येत नाही.

परतीची गाडी रात्रीची असेल, तर खोली सोडताना लॉजवाल्यांना पिशव्या संध्याकाळपर्यंत ठेवून घेण्याची विनंती करावी. बहुतेक जण हो म्हणतात. कागदपत्रांची पिशवी मात्र आपल्याच खांद्याला असू द्यावी.